दिवेलागणीची मोजदाद

दिवस मावळायला लागला की अक्कांच्या अंगणात सगळ्यांत आधी बदकं येतात. खालच्या नाल्यातून वर चढून, एकामागे एक, माना पुढं काढून. मग कोंबड्या. त्या पांगत येतात, मध्येच थांबून मातीत राहिलेला दाणा टिपतात. कडकनाथाच्या दोन काळ्याभोर माद्या गोठ्याची भिंत धरून येतात. टर्की शेवटची, आणि तिला काठीनं वळवावं लागतं. गिनी कोंबड्या खुराड्याकडं फिरकतच नाहीत. त्या तिन्ही लिंबाच्या वरच्या फांदीवर चढलेल्या असतात आणि खालच्या गडबडीवर एकसारख्या ओरडत असतात.

अक्का खुराड्याच्या तोंडाशी उकिडव्या बसून मोजतात. आवाज नाही, नुसते ओठ हलतात. आत 28, झाडावर 3. आकडा जुळला की फळी लावायची, फळीला दगड टेकवायचा. मी विचारलं, सकाळी सोडतानाही मोजता का? "सकाळी कशाला ताई? रातीला जेवढी कोंडली तेवढीच निघत्यात. मोजायचं ते सांजच्याला. दिवसभरात कुणी काय नेलं ते तवा कळतंय."

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातल्या या वस्तीवर मी यंदा तीनदा गेले. आखाडात, पोळ्याच्या सुमाराला आणि मग नवरात्रात. संपादकांनी अंकासाठी 'एकत्र' हा विषय कळवला तेव्हा बालाघाटातली ही अंगणंच डोळ्यांपुढं आली होती. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या पट्ट्यातून एसटीनं जाताना रस्त्याकडेच्या वस्त्यांवर हे दिसत राहतं: तांबड्या, काळ्या, कवड्या कोंबड्यांच्या घोळक्यात मधेच एखादं पांढरं बदक, मधेच ठिपक्यांची गिनी. कुक्कुटपालनाचं कुठलंही पुस्तक उघडलं तर त्यात उलटं लिहिलेलं असतं. वेगळ्या जातीचे, वेगळ्या वयाचे पक्षी एकत्र ठेवू नका. पुस्तकाला त्याची कारणं आहेत आणि ती पक्की आहेत. तरीही या बाया पिढ्यान्‌पिढ्या मिसळ कळप सांभाळत आल्या आहेत. हे नांदणं कशाच्या जोरावर चालतं आणि कुठं फाटतं, एवढं मला पाहायचं होतं.

कोण कुठून आलं

अक्कांच्या 31 पाखरांत 14 गावठी कोंबड्या आणि 2 कोंबडे. त्यांतली एक मानेवर पिसंच नसलेली. दिसायला ती केविलवाणी वाटते, पण बीडच्या उन्हाळ्यात तिचं बरं चालतं, कारण उघड्या मानेतून अंगातली उष्णता बाहेर पडते. चैत्र-वैशाखात बाकीच्या चोची उघड्या टाकून सावलीत धापा टाकतात तेव्हा ही उकिरडा उकरत असते, असं अक्का सांगतात.

रंगांची ही सरमिसळ मला आधी आपोआप झालेली वाटली होती. तशी ती नाही. गिऱ्हाईक रंग मागतं. मरीआईला, म्हसोबाला कोणाला काळं कोंबडं लागतं, कोणाला तांबडं. उलट्या पखाच्या कोंबड्याला तर बाहेरची बाधा काढणारे लोक मागतील ती किंमत देतात. ही मागणी ज्या भीतीवर उभी आहे ती मला पटत नाही, आणि त्या भीतीपायी आजारी माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो हेही मी पाहिलेलं आहे. पण अंगणाचा हिशोब समजून घ्यायचा तर ती मागणी वगळता येत नाही. आखाडात कोंबड्याचा भाव चढतो, श्रावण लागला की एकदम बसतो. ज्या घरात वेगवेगळ्या रंगाचे, वेगवेगळ्या वयाचे कोंबडे आहेत त्या घराला वर्षभर थोडं थोडं विकता येतं. एकाच दिवशी आणलेली, एकाच वाणाची पन्नास पिल्लं एकाच आठवड्यात विकायला येतात, आणि तो आठवडा श्रावणातला निघाला तर काय करायचं?

पाच तपकिरी तलंगा दुसऱ्या घरून आल्या आहेत. सरकारच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात निम्म्या अनुदानावर गट मिळतो: आठ ते दहा आठवड्यांच्या 25 तलंगा आणि 3 नर, किंवा मग एक दिवसाची 100 पिल्लं. अंडी घालायच्या आधीची तरुण कोंबडी म्हणजे तलंग. अंगणातला हा शब्द सरकारी कागदावर तसाच आहे, हे मला फार आवडलं. शेजारणीला गट मिळाला होता, तिच्याकडून अक्कांनी पाच घेतल्या. अशा गटांतून येणाऱ्या जातींपैकी गिरिराज बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झाली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात. अंगणात फिरायच्या म्हणून या जातींना मुद्दाम रंगीत पिसं ठेवली, पांढरं पाखरू घारीला लांबून दिसतं. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते, या त्याहून पुष्कळ जास्त. पण त्या जड असतात, घार झडप घालते तेव्हा पळायला कमी पडतात, आणि खुडूक क्वचितच बसतात. खुडूक बसणं हा दोष समजून माणसानं तो निवडीतून काढून टाकलेला आहे.

कडकनाथाचंही तसंच. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा हा पक्षी, तिथल्या कडकनाथाच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी काळी, हाडं काळी, पण अंड्यांवर बसायची चिकाटी नाही. म्हणून त्याची अंडी गावठी कोंबडीखाली उबवतात. बदकाची तिच्याखाली, गिनीची तिच्याखाली, टर्कीचीही. तिन्ही प्रहर उकिरड्यावर राबणारी ही बारकी गावठी कोंबडी या सगळ्या गोतावळ्याची आई आहे. अक्कांचा कळप माझ्या डोळ्यांपुढं उलगडला तो या एका गोष्टीतून. ती नसेल तर बाकीची पाखरं प्रत्येक खेपेला बाजारातून विकत आणावी लागतील.

तिच्या स्वतःच्या अंगातही दोन घरांचं रक्त आहे. पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून आली हे जुनं ज्ञान. पण 2008 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की कोंबडीच्या पिवळ्या पायांचं, पिवळ्या कातडीचं जनुक तिला राखाडी रानकोंबड्याकडून मिळालंय. हा राखाडी रानकोंबडा भारताचाच, आपल्या सह्याद्रीत आजही पहाटे ओरडतो. अक्कांच्या पिवळ्या पायांच्या कोंबडीकडं मी त्यानंतर जरा वेगळ्या नजरेनं पाहायला लागले.

2019 च्या पशुगणनेत देशात 85 कोटींहून थोडे जास्त कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यांतले जवळजवळ 32 कोटी परसातले, आणि 2012 नंतर परसातल्या पक्ष्यांची संख्या 46 टक्क्यांच्या आसपास वाढली होती. एवढ्या मोठ्या संख्येची रोजची मोजदाद खुराड्याच्या तोंडाशी होते.

उतरंड

पोळ्याच्या सुमाराला गेले तेव्हा अंगणाच्या मधोमध डालगं पालथं घातलेलं होतं आणि त्यात दोन नव्या कोंबड्या. बाकीच्या बाहेरून फेऱ्या मारत होत्या. बांबूच्या फटींतून एखादी चोच आत जायची, आतली अंग चोरायची. हे असं आठवडाभर चालतं. दिवसा डालग्यात दर्शन, रात्री वेगळा कोपरा. मग एका रात्री गडद अंधारात नव्या दोघींना उचलून खुराड्यात जुन्यांच्या मध्ये नेऊन ठेवायचं. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती भांडत नाही. सकाळी सगळ्या एकत्रच बाहेर पडतात.

"एकटी कधी आणू नाई," अक्कांच्या सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "एकटीला समद्या मिळून टोचत्यात. दोघी आसल्या की मार वाटून जातो."

कळपात कोणी कोणाला टोचायचं याची ठरलेली उतरंड असते, हे शास्त्राच्या भाषेत पहिल्यांदा नीट मांडलं नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डेरूप-एब्बे यांनी, 1921 मध्ये. लहान वयापासून ते कोंबड्यांच्या भांडणांच्या नोंदी ठेवत आले होते. पहिल्या नंबरची सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून सगळ्यांना, असं खालपर्यंत. एकदा ही ओळ ठरली की भांडणं थांबतात, कारण नुसत्या मानेच्या हालचालीवर खालची बाजूला होते. नवी कोंबडी आली की ओळ विस्कटते आणि पुन्हा वरपासून ठरवावी लागते. म्हणून घडीघडी एकेक पाखरू आणणाऱ्याच्या अंगणात कधीच शांतता नसते.

वेगळ्या जाती आल्या की उतरंड आणखी गुंतते. गिनीचा नर अंगानं कोंबड्याहून हलका, पण धावत जाऊन मागून पिसं उपटतो. कोंबड्याला समोरासमोर उडी मारून लढायची सवय, ही पाठलागाची रीत त्याला कळत नाही आणि तो हरतो. टर्की अंगाच्या भारावर जिंकते. बदकं कोणाच्या अध्यात नसतात, पण त्यांच्यातल्या नराची काळजी घ्यावी लागते. नराला पुरेशा बदकमाद्या नसल्या तर तो कोंबड्यांच्या मागं लागतो. कोंबड्याला बाहेर येणारं लिंग नसतं, बदकाच्या नराला असतं, आणि त्यानं कोंबडीला आतून इजा होते, ती मरूही शकते. अक्कांकडं एक नर आणि तीन माद्या आहेत. आधी दोन नर होते. एका कोंबडीच्या मागच्या बाजूला रक्त दिसलं त्याच आठवड्यात दुसरा नर विकला. जखम झालेली कोंबडी लगेच डालग्याखाली घालून हळद-तेल लावायचं, कारण लाल दिसलं की बाकीच्या तिथंच टोचत राहतात.

हे सगळं पाहिल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. ही पाखरं एकत्र राहतात कारण दिवसभर ती एकमेकांपासून लांब जाऊ शकतात. बदकं नाल्यात, गिनी तुरीच्या शेतात, कोंबड्या उकिरड्यावर आणि गोठ्यात. हरलेलीला पळायला रान आहे. हीच 31 पाखरं जाळीच्या एका खोलीत घातली तर चार दिवसांत रक्त निघेल. रात्री मात्र अंतर मिटतं, म्हणून खुराड्याला आत दोन खण आहेत. बदकं खाली जमिनीवर, भुसकटात. कोंबड्या वर आडव्या काठीवर. काठी बदकांच्या डोक्यावर येत नाही, एवढं पाहून ती बसवली आहे.

एकत्र असण्याचा फायदा भर दुपारी कळतो. मी ओट्यावर बसले होते. कोंबड्यानं एकदम लांब, घशातला आवाज काढला आणि क्षणात अंगण रिकामं झालं. वर पाहिलं तर घार. थोड्या वेळानं वेगळाच आवाज: तुटक, खणखणीत, पुन्हा पुन्हा. या वेळी पाखरं लपली नाहीत, माना उंच करून उभी राहिली. बांधावरून मुंगूस चाललं होतं. वरून येणाऱ्या आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी कोंबड्याची हाक वेगळी असते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. बदकांनीही ती हाक मानली, टर्कीनंही. गिनी तर रात्रीची राखण करतात. त्यांच्यात नर-मादी ओळखायची खूणही आवाजातच आहे. दोन तुकड्यांची हाक फक्त मादी देते.

पाणी, दाणा, टरफल

बदकाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढं पाणी लागतं, नाहीतर त्याचे डोळे-नाक साफ राहत नाहीत. कोंबडीच्या पिल्लाला तेवढ्याच पाण्यात बुडून मरण येतं. शिवाय बदक पाणी पितं तितकंच सांडतं, आणि ओल्या जमिनीवर कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. अक्कांनी बदकांची घमेली अंगणाच्या उताराला, खाली ठेवली आहे. कोंबड्यांचं मातीचं पसरट भांडं वर, त्यात पिल्लं असतील तेव्हा खडे टाकलेले. उताराचा एवढा विचार मला कुठल्या पुस्तकात वाचलेला आठवत नाही.

दाण्याचंही असंच. अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य सगळ्यांना घातलं तर त्यातल्या चुन्यानं पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लाहून जास्त नायसिन हे जीवनसत्त्व लागतं, ते कमी पडलं की त्याचे पाय वाकतात. टर्कीच्या पिल्लाला प्रथिनं सर्वांत जास्त. चार जातींना चार पोती कोण आणणार? अक्का ज्वारी-बाजरीची कणी आणि भरड सगळ्यांना सारखी टाकतात, आणि अंड्याची टरफलं भाजून कुटून नारळाच्या कवटीत वेगळी ठेवतात. ज्या कोंबडीला कवच घडवायचं आहे ती आपण होऊन तिथं जाते. बाकीचं नाल्यातले किडे-गोगलगायी आणि उकिरडा भागवतो.

टर्की एकटी का

टर्की एकटी आहे. दोन वर्षांपूर्वी सहा पिल्लं आणली होती. वाढली, चांगली पायावर आली, आणि मग एकेक करून सुस्तावली. पंख पाडून उभी राहायची, हगवण गंधकासारखी पिवळी. पाच गेली. अक्कांना वाटतं दृष्ट लागली. त्यांनी सांगितलेली लक्षणं ब्लॅकहेड या रोगाशी तंतोतंत जुळतात.

हा रोग म्हणजे मिसळ कळपाचं सर्वांत कठीण प्रकरण. त्याचा परजीवी कोंबडीच्या पोटातल्या एका बारीक जंताच्या अंड्यात बसून राहतो. कोंबडीला त्याचं फारसं काही होत नाही. तिच्या विष्ठेतून जंताची अंडी मातीत पडतात आणि वर्षानुवर्षं जिवंत राहतात. गांडूळ ती गिळतं, टर्की गांडूळ खाते, आणि परजीवी तिच्या आतड्यातून यकृतात पोचतो. म्हणजे आज कोंबड्या काढून टाकल्या तरी ज्या अंगणात त्या काल फिरल्या ते अंगण टर्कीसाठी धोक्याचंच राहतं. या एका बाबतीत पुस्तकाचंच ऐकावं असं माझं ठाम मत झालं आहे. कोंबड्यांच्या जुन्या जागेवर टर्कीची पिल्लं वाढवू नयेत. मी अक्कांना जंताचं सगळं समजावून सांगितलं. त्या बराच वेळ उरलेल्या टर्कीकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी ह्या मातीतच हाय व्हय."

मूळची मेक्सिकोची ही टर्की पोर्तुगीजांच्या मार्गानं आपल्याकडं फार पूर्वी आली. 1612 मध्ये मुकर्रबखानानं गोव्याहून काही नवलाईचे पक्षी-प्राणी जहांगीर बादशहासाठी नेले, त्यांत टर्की होती. बादशहानं तिचं वर्णन स्वतःच्या आठवणींत लिहिलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. आणखी एक नातं त्याहून मोठं. कोंबड्यांना मारेक नावाचा विषाणूजन्य रोग होतो, पाय लुळे पडतात. त्यावरची जगभर वापरली जाणारी लस टर्कीतल्या एका निरुपद्रवी विषाणूपासून बनलेली आहे. उबवणी केंद्रातून निघणाऱ्या एक दिवसाच्या पिल्लाला ती टोचतात. शेजारणीच्या गटातल्या तलंगांना ती मिळाली असेल तर त्यांच्या अंगात टर्कीचं हे देणं आहे.

बाजारातून आलेली

मिसळ कळपाला खरी भीती असते ती बाहेरून आलेल्या पाखराची. नेकनूरच्या आठवडी बाजारात पायांना सुतळी बांधून उलट्या धरलेल्या कोंबड्या दिसतात. कुठल्या गावची कोणती, कोणालाच सांगता येत नाही. दहा वस्त्यांच्या कोंबड्या एका डालग्यात येतात, नाही विकल्या गेल्या तर संध्याकाळी पुन्हा दहा वस्त्यांवर परततात. गावात मर पसरते ती बरेचदा अशी.

मर म्हणजे बहुतेक वेळा राणीखेत, खेड्यातली मानमोडी. मान वळते, पाखरू गोल गोल फिरतं, हिरवी हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. 1927 मध्ये कुमाऊंतल्या राणीखेतजवळ हा रोग आढळला, तेव्हापासून आपल्याकडं तेच नाव. बदकाला हा विषाणू लागला तरी ते सहसा आजारी दिसत नाही. म्हणजे ओढ्यावरून डौलात परतणारं बदक कोंबड्यांसाठी काय घेऊन आलं ते कळायला मार्ग नसतो.

यावर लस आहे, स्वस्त आहे आणि जुनी आहे. आठवड्याच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्याला पंखाखाली दुसरी टोचणी. पण लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची. ती थंड ठेवावी लागते, आणि विरघळवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. 31 पाखरांच्या घरानं ती फोडायची कशी? माझ्या मते सगळी अडचण या एका कुपीच्या आकारात आहे. शेजारच्या जिल्ह्यांत, परभणीला आणि उदगीरला, पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ज्ञान लांब नाही. वस्तीवर शंभर पाखरं एका सकाळी एकत्र करायला मात्र कोणीतरी लागतं. आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी उष्णता सोसणाऱ्या लसी वापरात आल्या आहेत. कडक उन्हाच्या बीडला त्यांची गरज कमी नाही.

अक्कांच्या वस्तीनं आपला मार्ग काढला आहे. पहाटे, पाखरं अजून आत असताना, पाच घरांनी खुराड्यांच्या फळ्या बंद ठेवायच्या. बर्फ घातलेल्या थर्मासातून कुपी येते. एकीनं पाखरू काढायचं, दुसरीनं पंख धरायचे, तिसरीनं थेंब टाकायचा आणि थेंब आत ओढला जाईपर्यंत पाखरू सोडायचं नाही. गिनी झाडावर, त्यांना कोण पकडणार? आदल्या रात्री अंधारात एक पोरगा लिंबावर चढतो आणि झोपेतल्या गिनी पोत्यात घालून खाली आणतो. उजाडायच्या आत सगळं उरकतं.

बर्ड फ्लूची गोष्ट वेगळी, त्यात वस्तीच्या हातात फारसं काही नसतं. देशात तो पहिल्यांदा आढळला 2006 च्या फेब्रुवारीत, आपल्याच नंदुरबारच्या नवापुरात. जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी कोंबड्या दगावल्या, आणि त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला. रोग पक्का ठरला की एक किलोमीटरच्या परिघातली सगळी पाखरं मारावी लागतात, आजारी असोत की धडधाकट, पोल्ट्रीतली असोत की अंगणातली. हिवाळ्यात माजलगाव आणि मांजरा धरणांच्या पाण्यावर परदेशी बदकं उतरतात. रानबदकांत हा विषाणू लक्षणं न दाखवता राहू शकतो. धरणाकाठच्या गावांनी थंडीत आपली बदकं त्या पाण्यावर सोडू नयेत, घमेल्यावर भागवावं, असं मी भेटेल त्याला सांगत असते.

पाटोद्यातच नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मोर शेतात येतात, वस्तीच्या कडेला दाणे टिपतात. त्यांनाही मानमोडी होते, ब्लॅकहेडही होतो. पूर्वी सापडलेली मोराची अंडी कोंबडीखाली ठेवत, असं सासूबाईंनी सांगितलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे आणि वस्तीवर आता कोणी तसं करत नाही. पण अंगणातल्या पाखरांना लस दिली की मोरांच्याही जिवाला थोडं संरक्षण मिळतं, हा मुद्दा मला अभयारण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

कोयत्याबरोबर

नवरात्रात गेले तेव्हा अंगणातलं बोलणं बदललं होतं. मुकादम येऊन गेला होता, उचल घेतलेली होती, टोळी वसुबारसेला निघणार असं ठरत होतं. दरवर्षी या जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. दसऱ्यानंतर वस्त्या रिकाम्या होऊ लागतात आणि पाडव्याच्या आगेमागे पुन्हा भरतात. बैलगाडीखाली डालगं बांधलेलं असतं, त्यात कोंबड्या. फडावरच्या अंड्याला आणि हाताशी असलेल्या कोंबड्याला मोल आहे. लेकरू आजारी पडलं की मुकादमाकडं हात पसरण्याआधी कोंबडा विकता येतो.

कोणती पाखरं न्यायची, याचा अक्कांचा हिशोब स्पष्ट आहे. सहा गावठी आणि एक कोंबडा जाणार. त्या कोपीभोवती, म्हणजे तळावरच्या झोपडीभोवती राहतात, पाचटातले किडे खातात, दिवे लागले की परततात. बदकं न्यायची नाहीत, पाटाच्या पाण्यात शिरली की परत येत नाहीत. गिनींना जागा बदललेली मानवत नाही, उडून जातात. तपकिरी तलंगांना दाणा जास्त लागतो, त्या विकायच्या. उरलेली सासूबाईंपाशी.

तळावर गेल्यावर मात्र सगळ्यांत मोठी मिसळ होते. आष्टीची, केजची, धारूरची, शेजारच्या जिल्ह्यांतली, शेकडो कोपी आणि प्रत्येकीपुढं चार-सहा कोंबड्या. कुठलं खुराडं नाही, डालग्यातलं आठवड्याचं दर्शन नाही. तिथं एक मेली की रांगेनं मरतात. वाचलेली पाखरं चैत्रात डालग्यातून पुन्हा वस्तीवर येतात आणि येताना काय आणतील ते आणतात. टोळ्या निघण्याआधी, गाव अजून जागेवर असताना, लसीची एक फेरी बीड जिल्ह्यात व्हायलाच हवी. दुसरी परतल्यावर. माणसांच्या येण्याजाण्याचं वेळापत्रक सगळ्यांना माहीत आहे, पाखरांचं त्याहून वेगळं नाही.

आठवी माळ

घटस्थापनेच्या दिवशी अक्कांनी दोन गोष्टी बसवल्या. देवघरात घट, आणि कोपऱ्यातल्या पाटीत काळी खुडूक कोंबडी. तिच्याखाली बदकाची सात अंडी. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, बदकाचं 28 दिवसांनी. कोंबडी दिवस मोजत नाही, खालून आवाज येईपर्यंत बसते. म्हणून बदकाची अंडी आधी ठेवायची आणि कोंबडीची सात दिवसांनी घालायची, म्हणजे सगळी एकाच दिवशी फुटतात. मी पोचले तो तोच दिवस होता, आठव्या माळेचा.

जेवणं झाल्यावर दिवा मालवला. सासूबाईंनी कोंबडीला छातीखाली हात घालून उचललं. ती गुरगुरली, चोच मारली, मग गप्प झाली. अक्कांनी एकेक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. पहिल्यात तांबड्या शिरांचं जाळं, मधोमध एक काळा ठिपका, आणि तो ठिपका हलत होता. दुसऱ्यात तसंच. चौथं अंडं आरपार पिवळं, नितळ. "वांझ," म्हणून बाजूला ठेवलं. सातांतली पाच चांगली निघाली. त्यांच्या शेजारी गावठीची सहा अंडी मांडली, त्यांवर कोळशानं रेघ मारून, म्हणजे नंतर घातलेली कोणती ते कळावं.

मी बोटांवर मोजलं. नरकचतुर्दशी. टोळी त्याआधीच, वसुबारसेला निघालेली असेल.

"मंग बदकाची पिल्लं घमेल्यात न्यायची न्हाईत हां, आत्याबाई," अक्का सासूला सांगत होत्या. "कोंबडीची बी मागं जात्यात आन भिजून मरत्यात. पयला आठवडा उथळ ताटलीच ठिवा."

"मला शिकवू नको," सासूबाई म्हणाल्या आणि कोंबडीला पुन्हा पाटीत सोडलं. ती अंडी पायांनी चाळवत, अंग फुगवत, हळूहळू खाली बसली. एक रेघेचं अंडं बाहेर राहिलं होतं. तिनं मान लांब केली, चोचीनं ते पोटाखाली ओढून घेतलं.